बसून न वाजणारा बँड

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मकबरा कसा वाटला?" मकबरा मी रिक्षातून, सकाळच्या धुरकट उन्हात, लांबून पाहिला. पाणचक्की राहूनच गेली. संभाजीनगरला (आमच्या घरात अजून औरंगाबादच तोंडात येतं) मी चार दिवस होतो आणि त्यातला बराचसा वेळ पत्र्याच्या एका खोलीत बँडवाल्यांच्या घोळक्यात गेला. ज्यांना जायचं असेल त्यांनी मकबरा जरूर पाहावा. मी जे पाहिलं ते तिकीट काढून दिसणारं नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. लिहिताना माझं स्वतःचंही थोडं येईल. ते या प्रवासाआधी मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आधी कामाचं सांगतो. पुण्यात आम्ही काहीजण मिळून एक लहानसा कलानिधी चालवतो. वर्गणी लोकांची, निवडही लोकांची. ज्या वस्त्यांतल्या, ज्या जातीजमातींतल्या कलावंतांना सभागृहात बोलावलं तरी सतरंज्या घालायलाच बोलावतात, त्यांना वर्षभर हात द्यायचा, एवढाच त्याचा हेतू. गेल्या वर्षी शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या एका बँड पार्टीला आम्ही मदत दिली. त्यातून त्यांनी पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली आणि वस्तीतल्या पोरापोरींना क्लॅरिनेट, ट्रम्पेट, साईड ड्रम शिकवायला सुरुवात केली. मदत पुढं चालू ठेवायची तर एक अट होती. पार्टीनं एक बैठकीचा कार्यक्रम करायचा: सभागृहात, रंगमंचावर, खुर्च्यांवर बसून. समितीतल्या एकानं जाऊन तो ऐकायचा आणि हो की नाही ते कळवायचं. 'नाही' आलं तर खोली सुटणार.

तो ऐकायला गेलेला माणूस मी. आणि ती अटही मीच घातली होती.

शहागंज

स्टँडवर सुनंदाताई घ्यायला आल्या होत्या. निवृत्त परिचारिका. निधीचं इथलं सगळं काम त्याच बघतात. पिशवी माझ्या हातातून काढून घेत म्हणाल्या, "सर, भूक लागली का? खरं सांगा. पुण्याची माणसं विचारल्याबिगर सांगत नाहीत."

"लागलीये."

"मग चला. लाजायचं काम नाय."

शहागंजात एका लांबट, काळोख्या हॉटेलात त्यांनी मला नान-खलिया खाऊ घातला. इथला नान आपल्याकडच्या लग्नात मिळतो तसा पांढरा, चिवट नसतो. चांगला परातीएवढा, हळदीसारखा पिवळा आणि इतका मऊ, की तोडताना हाताला कळत नाही. खलिया म्हणजे मटणाचा पातळ रस्सा, वर लाल तर्री. आमच्या बार्शीकडचा काळा रस्सा पहिल्याच घासाला कान धरतो. हा आधी गोड बोलतो आणि मग घशाखाली उतरताना आपली ओळख देतो. शेजारच्या बाकावरचे एक चाचा माझा चेहरा न्याहाळत होते. म्हणाले, "फौज का खाना है साहब. दिल्लीहून चालत आली ना फौज, तवाचं. चलते आदमी का खाना."

तिथून खोलीवर गेलो. दारातूनच आवाज येत होता. आत पाहिलं तर पंधराएक माणसं वाजवत गोल गोल चालत होती. खोली लहान, म्हणून एकाचा कोपर दुसऱ्याच्या पाठीला लागत होता. मधे दोन मुली ट्रम्पेट घेऊन, त्यांच्या मागं टक्कल पडलेला साईड ड्रमवाला, सगळ्यांत पुढं क्लॅरिनेट. पत्र्याखाली तो आवाज मावत नव्हता. छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी उभं राहून वाजवतंय, असं वाटलं. मी दाराला धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांनी इतक्या जवळून बँड ऐकत होतो, आणि डोळे भरून आले ते कुणाला दिसू नयेत म्हणून चष्मा पुसला.

क्लॅरिनेटवाले जानीमियाँ. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आमच्याकडं बँडच्या म्होरक्याला मास्तर म्हणायची पद्धत. उस्ताद सडपातळ, साठीच्या पुढचे. वरचा पुढचा एक दात हलत होता. बोलता बोलता तो जिभेनं जागेवर बसवत. "ह्या दातावर क्लॅरिनेट टेकतं, सर," ते म्हणाले. "हा गेला की आमचं दुकान बंद. त्याच्या आधी ह्या पोरींच्या हातात सगळं टाकायचंय. म्हणून खोली पायजे."

"नकली दात बसवता येतो की."

"नकली दातावर सूर बी नकली लागतो." मग टक्कलवाल्याकडं बघून, "क्यूं बबन?"

बबनराव साईड ड्रमचे. "ह्यांचं काय ऐकता," ते म्हणाले. "दात चांगला व्हता तवा बी बेसूरच वाजवायचे."

"हौ, आन तू बहिरा व्हता म्हणून टिकला."

दोघांच्या घराण्यांची दोस्ती जुनी. जानीमियाँचे आजोबा निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते. पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली. वर्दी, पट्टा, बूट सगळं जमा करून घेतलं. "बाजा कुणी मागितलाच नाय," जानीमियाँ म्हणाले, "मग दादांनी तो कांबळ्यात गुंडाळून घरी आणला." बबनरावांचे आजोबा मातंग समाजातले, हर्सूलकडं हलगी वाजवायचे. दोघं एका लग्नात भेटले. एकाला फौजेचं चालणं ठाऊक, दुसऱ्याला लग्नाचा ठेका. त्यातून ही पार्टी झाली.

हे सगळं ऐकून मी भारावलो होतो आणि त्या भरात म्हणालो, "तुम्ही असं उभ्यानं का तालीम करता? रविवारी तर बसून वाजवायचंय. मी खुर्च्या मागवून देऊ का?"

बबनराव ड्रमच्या कातड्याकडं बघायला लागले. जानीमियाँ जरा थांबून हसले. "मागवा ना, सर. जरूर मागवा."

त्या थांबण्यात सगळं होतं. मला ते ऐकू आलं नाही.

वेरूळ

शनिवारी तालमीला सुट्टी. जानीमियाँ, बबनराव, सुनंदाताई आणि मी, असे जीपनं वेरूळला निघालो. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. दौलताबादच्या उतारावर सीताफळांच्या टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या. सुनंदाताईंनी घासाघीस करून एक टोपली जीपमध्ये घातली आणि मग वेरूळपर्यंत आम्ही खिडकीतून बिया थुंकत गेलो. एक बी वाऱ्यानं परत येऊन माझ्या चष्म्यावर बसली. बबनरावांनी ती बोटानं काढून दिली. "पुण्याच्या माणसाला थुंकायचं बी शिकवावं लागतं का," असं म्हणून घेतलं.

गंमत म्हणजे दोघंही घृष्णेश्वराच्या दारापर्यंत कितीतरी वराती घेऊन आलेले, पण लेण्यांत कधी पाऊल टाकलेलं नाही. "वाजवायला आलो की वाजवून परत," जानीमियाँ म्हणाले. "बघायला कोण आणतं?"

आधी सुताराच्या झोपडीत गेलो. दहाव्या क्रमांकाचं लेणं. आत मोठे बुद्ध बसलेले आणि वर दगडाच्या कमानी, एकीला लागून एक, लाकडाच्या वाशांसारख्या. जानीमियाँ चपला हातात घेऊन मधोमध उभे राहिले. मान वर करून कमानी बघितल्या. मग तोंड मिटून त्यांनी नुसता एक सूर धरला. क्लॅरिनेट नाही, काही नाही, घशातला सूर. तो वर गेला, कमानीकमानीतून फिरला आणि आम्ही उभे होतो तिथं मागच्या बाजूनं खाली आला. ते दचकून मागं वळले. कुणी नव्हतं. त्यांचाच सूर होता.

दारातला पहारेकरी ओरडला, "ओ चाचा! इथं गायचं नाही."

"गातंय कोण? श्वास घेतला."

पहारेकरी दोन पावलं आत आला. इकडं तिकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाला, "मग अजून एकदा घ्या."

त्यांनी घेतला. या वेळी सुनंदाताईंनी माझा दंड धरला आणि सूर विरेपर्यंत सोडला नाही. मी देवळांत वाढलेला माणूस नाही, विहारात क्वचित जातो. पण त्या दगडाखाली मला वाटलं की हे कोरणाऱ्यांना हा सूर माहीत होता, ते फक्त कुणी येऊन तो लावेल याची वाट बघत राहिले.

कैलास लेण्यात मी दमून एका पायरीवर टेकलो. बबनराव पुढून हाक मारत होते, "उठा सर! एवढा डोंगुर वरून खाली उकरला लोकांनी, आन तुम्हाला चार पायऱ्या होईनात?" आम्ही तीनदा फिरलो. दर फेरीला हत्ती वेगळे दिसले, सावल्या वेगळ्या. माथा बघून पायथ्याशी आलं की माथा विसरायला होतो, इतकं ते थोर आहे. मला त्याचं वर्णन जमत नाही आणि तसा आव आणणार नाही.

रविवार

सभागृह लहान पण नीटनेटकं होतं. दुपारी चारला अर्ध्याहून जास्त भरलं. पुढच्या दोन रांगांत पार्टीवाल्यांच्या बायका बसल्या होत्या, ठेवणीतल्या साड्या, कुणाचे बुरखे इस्त्री केलेले. त्यांतली एकजण सुनंदाताईंना म्हणाली, "आमचं लगीन होऊन इतकी वर्षं झाली. मानसाला समोरून वाजवताना आजच बघायची."

पडदा सरकला. पंधरा खुर्च्या, पंधरा माणसं, लाल कोट, सोनेरी झालरी. सगळे गुडघे जुळवून बसलेले, फोटोला बसावं तसे. टाळ्या पडल्या. मला अभिमान वाटला. हेच चित्र मला हवं होतं.

मग ते वाजवायला लागले.

पहिल्या ओळीतच क्लॅरिनेट तुटलं. श्वास पुरेना. ट्रम्पेटवाल्या मुली एक मात्रा आधी आल्या. त्यांना सावरायला बबनरावांनी ठेका ओढला, तर ढोल मागं राहिला. पंधराजण एकमेकांकडं बघत होते आणि कुणाला कुणाचं सापडत नव्हतं. खुर्च्यांखाली मात्र सगळ्यांचे पाय हलत होते. प्रत्येकाचा वेगळा. दुसरी चीज सुरू झाली, ती मधेच बंद पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या दयेच्या. पुढच्या रांगेतल्या त्या बाईनं पदर तोंडाला लावला होता.

आणि मला, फार उशिरा, खोलीतला तो गोल आठवला. ही माणसं जन्मभर चालत वाजवत आलेली. पाऊल पडतं तिथं मात्रा पडते, पाऊल उचलतं तिथं श्वास भरतो. पुढच्याची पाठ हलते तशी मागच्याला लय कळते. आजोबांच्या फौजेपासून हे असंच. त्यांना बसवलं की त्यांचा ताल काढून घेतल्यासारखं होतं. आणि हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. नंतर बबनराव म्हणाले, "देणारा म्हणतो बसा. त्याला नाय कसं म्हणावं? आम्हाला वाटलं, जमंल."

जानीमियाँ उठले. खुर्ची मागं पडली, तिकडं त्यांनी बघितलं नाही. श्रोत्यांना म्हणाले, "माफी असावी." क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि चालायला लागले. रंगमंचाच्या पायऱ्या उतरले. चौथ्या की पाचव्या पावलाला सूर सरळ झाला. मधल्या वाटेनं ते दाराकडं निघाले तसा बबनरावांचा ठेका मागून आला, मग मुली, मग ढोल, झांज, सगळे. माझ्या खुर्चीजवळून ते गेले तेव्हा हवा हलली. खरोखर हलली. अंगावर शहारा आला. आणि ते दारातून बाहेर गेले.

आम्ही बसलेलो. समोर पंधरा रिकाम्या खुर्च्या आणि आवाज रस्त्यावर.

पुढच्या रांगेतल्या बाया आधी उठल्या. "चला गं, बसलाव काय?" मग सगळं सभागृह. मीही. बाहेर आलो तर रस्ता त्यांनी व्यापला होता. मागं दोनशे माणसं तरी असतील, किती होती देव जाणे. दुकानदार गल्ल्यावरून उठून पायरीवर आले. एका पानवाल्यानं विचारलं, "नवरदेव कुठंय?" सुनंदाताई चालता चालताच म्हणाल्या, "समदेच नवरदेव!"

चौकात पार्टी थांबली. गोल केला. आणि जानीमियाँनी भूप धरला. संथ. बँडवर मी एवढा संथ भूप कधी ऐकला नव्हता. इतका वेळ चालून कमावलेला श्वास त्यांनी तिथं उभ्यानं खर्च केला. एका रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. मग दुसऱ्यानं. चौकातली रहदारी भांडण न होता थांबलेली मी त्याआधी पाहिलेली नाही. माझ्या शेजारी ती बाई उभी होती, पदर आता खाली, आणि आपल्या माणसाकडं समोरून बघत होती.

टपरीवर

पुण्याची समिती पुढं महिन्याभरानं 'हो' म्हणाली, हे आधीच सांगून टाकतो. पण ते ठरलं चहाच्या टपरीवर. सगळे घामेजून बाकांवर बसले होते. चहा आला आणि आमच्या अध्यक्षांचा फोनही. सुनंदाताई म्हणाल्या, "इथंच बोला. सगळ्यांना ऐकू द्या. खोली त्यांची हाय."

"झाली का बैठक?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही झाली. ते उठून रस्त्यावर गेले. लोकही गेले. मी असं काही आजवर ऐकलेलं नाही. मदत थांबवू नका. अट काढा."

"पण अट तर तुमचीच होती. तुम्हीच भांडून घातलीत."

पंधरा माणसं माझ्याकडं बघत होती. इथं मला सांगावंच लागलं. खोटं कारण देता आलं असतं, आणि ती कला मला येते.

"माझे वडील बँडवाले होते," मी म्हणालो. "बार्शीला. ट्रम्पेट वाजवायचे. ऑफिसात मी आजवर सांगत आलो की ते संगीतशिक्षक होते. लग्नात कुणाच्या तरी घोड्यापुढं चालणारा बाप मला नको होता. म्हणून मला वाटलं, ह्या लोकांना खुर्चीवर बसवलं की त्यांचा मान होईल. मान माझा व्हायचा होता. आपण बोलू नंतर."

फोन ठेवला. चहाला कुणी हात लावला नव्हता. जानीमियाँनी जिभेनं दात जागेवर बसवला.

"तुमच्या शादीत वालिदनी वाजवलं?"

हा प्रश्न येईल म्हणून मी सव्वीस वर्षं लोकांशी कामापुरतं बोलत आलो. "नाही. सासरकडून पुण्याचा बँड होता. वडिलांची पार्टी आहेर म्हणून वाजवायला येणार होती. मी वडिलांना म्हणालो, त्यांना जेवायला बोलवा, वाजवायला नको. ते आले. बाजे घरी ठेवून आले. पंगतीत बसले, जेवले, आणि गेले. वडिलांनी त्यानंतर मरेपर्यंत ट्रम्पेट पेटीतून काढलं नाही."

बबनराव ड्रमच्या दोऱ्या आवळत होते. ते थांबले.

जानीमियाँ म्हणाले, "वाईट केलं तुम्ही."

कुणी 'जाऊ द्या' म्हटलं नाही. सुनंदाताईही नाहीत. माझ्या वडिलांनी जे कधी म्हटलं नाही, ते ह्या माणसानं चहाचा कप हातात घेऊन सरळ म्हटलं, आणि मला बरं वाटलं असं नाही, पण पाठीवरचं ओझं निदान पुढं आलं, दिसायला लागलं.

थोड्या वेळानं बबनराव म्हणाले, "आता अट काय लिवणार?"

"चालत वाजवायचं, असं लिहितो."

"नुसतं तसं नका लिवू. उद्या कुणी म्हणंल, चालतच ऱ्हावा. चौकात थांबायचं बी लिवा."

"आन चहा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसलो असेन.

निघताना जानीमियाँ स्टँडपर्यंत आले. "वालिदच्या पार्टीतलं कुणी हयात आहे?"

"एक आहेत. ढोलवाले. बार्शीलाच असतात."

त्यांनी पुण्याच्या फलाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हात वर करून गर्दीत गेले.

पुण्याची गाडी लागली होती. मी चौकशीच्या खिडकीवर बार्शीची विचारली.

बार्शीत उतरलो तेव्हा सकाळ झाली होती. घर शोधायला वेळ लागला, वस्ती बदलली आहे. दार वाजवलं. आतून म्हाताऱ्या आवाजात आलं, "कोणंय?"

नाव सांगून उपयोग नव्हता. मी नाव सांगितलं नाही.

"नामदेव ट्रम्पेटवाल्याचा मुलगा," मी म्हणालो.

आत खाट करकरली. मग कडी निघाली.